फ्लॉपी रिकामी परत करत नाहीत

सोमवार, २८ मार्च १९९४
काल जामखेडहून परतले. एस. टी.त खिडकी मिळाली, पण ती मिटत नव्हती. श्रीरामपूरला उतरले तेव्हा केसांत अर्धा तालुका.
फुलारे म्हातारे झाले. टेलिफोन एक्स्चेंजात ट्रंक बोर्डावर माझ्या शेजारच्या खुर्चीत वीस वर्षं बसले. आता मुलीच्या टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये बसतात आणि कॉम्प्युटरला ‘साहेब’ म्हणतात. निघताना एक फ्लॉपी दिली. तिच्यात कॅलेंडर आहे. कुठलीही तारीख टाका, वार सांगतं. तिथेच लावून मी आधी माझी टाकली, १२ सप्टेंबर १९३४. बुधवार! आईने जन्मभर रविवार सांगितला. आई खोटं बोलली की मशीन? बहुतेक आईला बाप्तिस्म्याचा रविवार लक्षात राहिला.
सवयीने आकडे टिपले. फाईलचा आकार यादीत आधी २३,३१२. माझा वार विचारून बाहेर आले, २५,१२०. फुलाऱ्यांचा विचारला, २६,९२८. म्हणजे दर माणशी १,८०८. ते आपल्याला लक्षात ठेवतंय. एकेका माणसाने जाड होतंय.
कुणाला सांगणार नाही. हसतील.

शुक्रवार, १ एप्रिल
गुड फ्रायडे. तीन तास गुडघ्यांवर. फादरांचं प्रवचन नेहमीप्रमाणे स्वतःलाच आवडलेलं. दुपारी ओल्या पडद्याआड पडले. स्वप्नात बोर्ड. सगळे दिवे लागलेले. एकेक कॉर्ड उचलून विचारतेय, नंबर प्लीज. पलीकडून नंबर नाही, फक्त वार. मंगळवार. शनिवार. मंगळवार. बाईचा आवाज, पोराचा, कुणा म्हाताऱ्याचा. आणि मी जोडून देतेय, जोडून देतेय.

मंगळवार, ५ एप्रिल
वाचनालयात गेले. पुस्तकांची कार्डं कॉम्प्युटरवर टाइप करायचं काम ‘म’पर्यंत आलं. फुकट करते म्हणून कुणी आभार मानत नाही. पैसे घेतले असते तर मानले असते.
कॅलेंडर लावलं. चिटणीस मुळे आले. त्यांची जन्मतारीख १ जून १९४०. अर्ध्या जिल्ह्याची १ जूनच. हेडमास्तरांनी शाळेत घालताना जी लिहिली ती. मुळेंना ते मान्य नाही, ते खरोखरच १ जूनला जन्मले म्हणे. शनिवार निघाला. चेहरा पडला. “मशीनमध्ये काहीतरी गडबड असेल, मार्थाबाई.” मु. खुर्चीत बसत नाहीत, खुर्चीवर उपकार करतात.
मग संगीता. इथेच कॉम्प्युटरचा क्लास घेते, मलाही तिनेच नोव्हेंबरात शिकवलं. संगीता वाघमारे, स्टेशनापलीकडच्या वस्तीतली. तिचीही १ जून. म्हणाली, “मावशी, ती शाळेची. आई म्हणते आषाढातली पुनव होती आणि गावचा बाजार होता. बाजार मंगळवारी भरतो. साल पासष्ट.” जुलै काढला. मंगळवार चार. ६, १३, २०, २७. ती घरी जाऊन जुन्या पंचांगवाल्याला विचारून आली. पुनव तेराला. एकोणतीस वर्षांची होत आलेली बाई, आज तिला वाढदिवस मिळाला. पेन्सिल चावत बसली होती, चावायची थांबली.
सं. हुशार, पण वस्तीची ढब जात नाही. चपला आतपर्यंत आणते.
आकार ३०,५४४.

सोमवार, ११ एप्रिल
धाकट्या बहिणीची, लीनाची फ्लॉपी राहात्याहून आली. ती तिथल्या शाळेत हेडमिस्ट्रेस. प्रश्नपत्रिका तपासून हवी. तपासली. इंग्रजीच्या सतरा चुका. कॉन्व्हेंटमध्ये दोघींना सिस्टर बर्नाडेटनीच शिकवलं, तिने काय ऐकलं कोण जाणे.
फ्लॉपी परत करताना आत कॅलेंडर घातलं. आमच्या घरात शेजारणीची वाटी कधी रिकामी परत गेली नाही, निदान चिमूटभर साखर. फ्लॉपी तरी का जावी? गेल्या आठवड्यापासून ज्याची येईल त्याला देतेय. काहींच्या कडेच्या खाचेवर काळी चिकटपट्टी असते, ती असली की मशीन आत लिहू देत नाही. नखाने काढते. सं.च्या दोन फ्लॉप्यांवरचीही काढली. दाराला कडी लावून बसायचं असलं काय लागून गेलंय?
ईस्टरचा केक सं.च्या आईकडे स्टीलच्या डब्यातून पाठवला होता. डबा अजून आला नाही. बघू.

बुधवार, २० एप्रिल
सहा जण आले वार विचारायला. ४१,३९२. एका आजोबांनी मेलेल्या बैलाचा विचारला. तोही सांगितला. बैल गुरुवारचा. आजोबा बराच वेळ पडद्याकडे पाहत राहिले, जणू तो तिथून चालत जाणार होता.
हल्ली अर्ध्या तासाने मशीन सुस्तावतं. दुपारच्या जेवणानंतरच्या माणसासारखं. अक्षरं एकेक येतात, चालत, उन्हातून. आणि पडद्यावर डावीकडे खाली एक काळा चौकोन, छोटी खिडकी. पलीकडे काही नाही.
डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेले. “मोतीबिंदूची सुरुवात असेल.” असेल काय? बघून सांगायला बसलाय ना? ड्रॉप्स दिले. चौकोन जात नाही. घरी भिंतीकडे पाहिलं तर मात्र दिसत नाही.

शनिवार, ३० एप्रिल
कार्डं संपली. ‘ज्ञ’ झालं. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, सं.ने चहा आणला.
मुळेंनी कॉम्प्युटरवरच्या यादीच्या उद्‌घाटनाचा मुहूर्त काढला. अक्षय्य तृतीया, सकाळी अकरा. साडेतीन मुहूर्तांतला. पाहुणे, फीत, नारळ. मी तारीख पाहिली. तेरा, आणि शुक्रवार. सिस्टर बर्नाडेटच्या वर्गात तेरा आणि शुक्रवार एकत्र आला की मुली उजळणीलासुद्धा उभ्या राहत नसत. बोलले नाही. हसले असते.
सं. आज वैतागली होती. “माझ्या चिकटपट्ट्या कोण काढतंय? मूळ फ्लॉप्या आहेत त्या.” क्लासच्या पोरींकडे पाहत म्हणाली. मी चष्मा पुसत होते.

शुक्रवार, १३ मे
काय लिहू.
पाहुणे आले. हार घातले. मुळेंनी स्वतः कळ दाबली, यादीचा प्रोग्रॅम सुरू व्हायला. पडद्यावर: अशी आज्ञा किंवा फाईल नाही. पुन्हा दाबली. तेच. हशा. संगीता पुढे आली, दुसरा प्रोग्रॅम लावला. नाही. तिसरा. नाही. टायपिंगचा. नाही. जे जे ती चालवून पाहत होती ते ते जात होतं. तिच्या बोटांखाली. मी शेजारी उभी होते, पाहिलं. काल संध्याकाळपर्यंत सगळं होतं.
मला वाटलं निदान पाहुण्यांना त्यांचा वार तरी सांगावा. माझी फ्लॉपी घातली. कॅलेंडर गेलं. माझ्या डोळ्यांदेखत. ४१,३९२ होते, सगळ्यांचे वार. आजोबांचा बैल.
सं. हळूच म्हणाली, “मावशी, थांबा, काही चालवू नका. हा व्हायरस दिसतोय.” मुळे ओरडले, “व्हायरस? आणला कुणी?” आणि मी म्हटलं, सगळ्यांसमोर, “ही दुसऱ्याही क्लासला शिकवते, तिथल्या फ्लॉप्या इथे घालते. विचारा तिला.”
बाहेर माठांची गाडी उभी होती. तृतीयेला पाण्याचे माठ देतात. लोक माठ घेऊन गेले.

शनिवार, १४ मे
पत्र लिहिलं मु.ना. दोन पानी, इंग्रजीत. सिस्टर बर्नाडेट असत्या तर वर्गात वाचून दाखवलं असतं. शिस्त, स्वच्छता, बेफिकिरी. चपलांचाही उल्लेख केला. मुळे खूश. “या पत्रावर समिती काम करेल, बाई. १ जूनपासून दुसरी व्यवस्था.” दुसरी व्यवस्था म्हणजे त्यांची सून, तिने नगरला कोर्स केलाय. हे मला संध्याकाळी कळलं.
रात्री शांत झोप लागली. हे मुद्दाम लिहून ठेवते.

सोमवार, १६ मे
लीनाचा फोन, राहात्याच्या एस. टी. डी. बूथवरून. शुक्रवारी तिच्या शाळेचंही मशीन असंच. दाखल्यांचा प्रोग्रॅम उघडला आणि नाहीसा.
मी म्हटलं, तिकडेही कुणी वाघमारे आहे का?
“मार्था, तू त्या मुलीबद्दल काय पत्र लिहिलंस ते इथपर्यंत आलंय. आपले आजोबा मिशनमध्ये येण्याआधी गावात कुठे राहत होते, विसरलीस?”
बूथवाल्याने वेळ संपली म्हणून सांगितलं. की तिनेच ठेवला.
बोर्डावर दोन गावांची एकदम तक्रार आली की आम्ही ग्राहकांना शिव्या देत नसू. दोन्ही गावं कुठल्या एका जागेवरून जातात ते शोधत असू. सं. राहात्याला कधी गेली नाही.
आता झोपते. दुपार फार मोठी आहे.

मंगळवार, १७ मे
वाचनालयाच्या ओट्यावर सं. भेटली. वह्या, डस्टर, पिशवीत भरत होती. मी पुढे जाऊ लागले. तीच म्हणाली, “मावशी, डोळे कसे आहेत?”
मी विचारलं, तो काळा चौकोन...
“तो तुमच्या डोळ्यात नव्हता. तोही त्याचाच. अर्ध्या तासाने येतो.” पायरीवर बसून सांगितलं, मला शिकवायची तसं. फाईल नुसती ठेवली तर काही होत नाही. चालवली की व्हायरस मशीनच्या स्मरणात जाऊन बसतो. आपण बाहेर आलो तरी तो आतच. मग जो प्रोग्रॅम चालवाल त्याला चिकटतो, आणि तो प्रोग्रॅम फ्लॉपीतून जिथे जाईल तिथे हाही जातो. तेरा तारखेला शुक्रवार आला की चिकटत नाही, पुसतो. “म्हणून मी जे लावत गेले ते जात गेलं. मीच घालवले म्हणा. पण यादी गेली नाही मावशी. तुमची कार्डं सगळी आहेत. वाचणारा प्रोग्रॅम तेवढा गेला.”
बोर्डावर असंच असतं. कॉर्ड काढायला विसरलं की पहिला माणूस फोन ठेवून जातो, पण लाईन जोडलेलीच. पुढचे सगळे त्यातूनच बोलतात.
“आणि ओळखायचा कसा?” मी विचारलं.
“सोपं आहे. दर वेळी चालवली की फाईल वाढते. तेवढ्याच आकड्याने. हा असेल तर अठराशे आठ.”
मी उठले. उन्हात रस्त्यावरची सगळी माणसं एकेक अक्षरासारखी हळू येत होती.
घरी येऊन ही वही उघडली. २८ मार्च. माझ्याच अक्षरात. वाचनालयाच्या मशीनला मी ती फ्लॉपी लावायच्या आठ दिवस आधी.

बुधवार, १८ मे
सकाळी दारात संगीताची आई. पदर डोक्यावर, हातात माझा स्टीलचा डबा.
“बाई, डबा राह्यला हुता तुमचा. पोरगी म्हनली, जाऊ नगं. म्या म्हनलं, डब्याचं काय भांडान हाय?”
आत बोलावलं. आत आली नाही, उंबऱ्याशीच बसली.
“त्या मशिनीत काय झालं मला न्हाई कळत. पन माझी पोर कुनाच्या वस्तूला हात लावत न्हाई. तुमी तिला वाढदिवस दिला. लई हरकली हुती. कागदावर लिवून भिंतीला लावलाय तिनं.”
मी काहीतरी बोलले. काय ते आठवत नाही. पाणी दिलं, प्याली, निघाली. डबा जड होता. उघडला. कुरडया. या उन्हाळ्याच्या, पांढऱ्या, एकावर एक, डबा बंद होईना इतक्या.
रिकामा कसा देणार होती.
मी किती घरांना काय भरून दिलं ते आज मोजलं. एकोणीस फ्लॉप्या. राहाता, कोपरगाव, एक तर पुण्याला. फुलाऱ्यांचं कार्डही आजच आलं, साहेब शुक्रवारपासून आजारी आहेत म्हणून. फुलाऱ्यांना कुणी दिली? देणाऱ्याला कुणी? प्रत्येक एक्स्चेंजच्या मागे आणखी एक एक्स्चेंज.

गुरुवार, १९ मे
पत्र मागे घेता येईल. ‘माझा गैरसमज झाला’ एवढं लिहून. कारण न देता. मुळे म्हणतील, म्हातारीला दया आली. आणि सून १ जूनला येईलच.
खरं दाखवायचं तर आकडे दाखवायला हवेत. आकडे फक्त या वहीत. तारखेसह, शाईत. पान फाडलं तर फाडलेलं पान कोण मानतो? अख्खी वही द्यावी लागेल. वहीत मुळे आहेत, फादर आहेत, डॉक्टर. आणि ५ एप्रिलची सं.
दुपारी स्वप्न. शाळेची प्रार्थना. घंटा व्हायच्या आत ज्या मुलीने काचेचं काही फोडलं असेल तिने स्वतः उभं राहायचं, हा नियम. सिस्टर बर्नाडेट वाट पाहतायत. हॉलमध्ये रांगा, पांढरे फ्रॉक, आणि सगळ्या माझ्या वयाच्या. घंटा होतच नाही. कितीतरी वेळ होत नाही. छान वाटतंय. तेवढ्यात बाहेर कुणीतरी वार पुकारतं. शनिवार.
शनिवारी समितीची बैठक आहे.

रविवार, २९ मे
वही आज परत आली. आठ दिवसांचं एकदम लिहिते.
२१ला गेले. उभी राहिले. म्हटलं, व्हायरस मी आणला, पत्रातलं सगळं चुकीचं, हे पुरावे. २८ मार्च, ५ एप्रिल, ११ एप्रिल, २० एप्रिल वाचले. चिकटपट्ट्यांचंही वाचलं. ५ एप्रिल वाचताना दोन ओळी गाळल्या. सं. कोपऱ्यात बसली होती, आकडे ऐकताना कागदावर वजाबाकी करत.
मुळे म्हणाले, “कॅलेंडर जाड होतं! मार्थाबाई, हे काय वाचताय? आणा इकडे.” दिली. चाळत बसले. मग त्यांना ते सापडलं. मोठ्याने वाचलं, “खुर्चीत बसत नाहीत, खुर्चीवर उपकार करतात.” समितीतले दोघं खोकले. मुळेंचे कान लाल. मग खालची ओळ त्यांनी सावकाश वाचली, एकेक शब्द, सं.कडे बघत. वस्तीची ढब जात नाही. चपला आतपर्यंत आणते.
मी म्हटलं, “हो, तेही मीच लिहिलंय. तेही चुकीचं आहे.” याहून मोठं वाक्य सुचलं नाही. एरवी सुचतात.
मुळे म्हणाले विचार करून १ जूनला सांगू. व्हायरस कुणीही आणला तरी मशीनची जबाबदारी कुणाची, हा प्रश्न उरतोच म्हणे. सं. उठली. वही उचलली. “आकडे उतरून घेते. पुण्याच्या कॉम्प्युटरवाल्यांना दाखवायला लागतील.” माझ्याकडे पाहिलं नाही. गेली.
आठ दिवस वहीशिवाय. राहात्याला गेले, लीनाच्या शाळेत उभं राहून सांगितलं. बाकीच्यांना पत्रं घातली, एकोणीस. “मी दिलेलं चालवू नका.” लीनाने राहायला सांगितलं, राहिले नाही. दुपारी झोप आली की बोर्ड दिसायचा, सगळ्या कॉर्ड्स काढलेल्या, एकही दिवा नाही. इतकी शांतता मला नोकरीत कधी मिळाली नव्हती आणि आवडली नाही.
आज चारच्या सुमाराला फाटक वाजलं. जाईपर्यंत कोणी नव्हतं. सायकलची घंटा कोपऱ्यावर. पायरीवर वही, वर्तमानपत्रात गुंडाळलेली. उघडून पाहिलं, माझ्या पानांवर तिने कुठे रेघही ओढलेली नाही. ५ एप्रिलच्या पानाशी एक फ्लॉपी. नवी. वर लेबल आहे, लेबलावर काही नाही.
रिकामी आहे? की तिने कॅलेंडर कुठून तरी शोधून, साफ करून घातलंय? की दोन पानी काही लिहिलंय, जे मी लिहिलं होतं तसं? उजेडाकडे धरली. मधल्या भोकातून नुसतं लिंबाचं झाड दिसतं. फ्लॉपी हलकी आहे, भरलेली असो वा नसो, तेवढीच. पाहायचं तर वाचनालयात जायला हवं. ते बुधवारी उघडणार. त्या खुर्चीत कोण बसलेलं असेल ते मला माहीत नाही.
खाचेवर काळी चिकटपट्टी लावली आहे, चारी कडा बोटाने नीट दाबून. मी तिला हात लावलेला नाही.